उडाला की पळाला?

इंग्रजी ही आता आपल्या घरांत परकी राहिलेली नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद अशा ठिकाणी पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांतील मूल तीन भाषांच्या छायेत वाढते. घरात मराठी, दाराबाहेर त्या त्या प्रांताची भाषा, आणि पाटीपुस्तकांत इंग्रजी. हे भाग्यच म्हणावयाचे. तथापि तीन भाषा जिभेवर असणे आणि तिन्हींतील शब्दांचे बारकावे मनात असणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आज आम्ही वाचकांपुढे इंग्रजीतील एक लहानशी जोडी ठेवीत आहोत : ‘फ्लाय’ आणि ‘फ्ली’. पहिल्याचा अर्थ उडणे, दुसऱ्याचा अर्थ पळून जाणे.

एवढे सांगितले की विषय आटोपला, असे कोणास वाटेल. पण उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कोणत्याही शिक्षकास विचारून पाहावे. पोलिसांना पाहताच चोर ‘फ्ल्यू’, म्हणजे त्याला पंख फुटून तो आकाशमार्गे निघालेला असतो. आणि सकाळचे विमान दिल्लीकडे ‘फ्लेड’, म्हणजे कोणाच्या तरी भीतीने त्याने पळ काढलेला असतो! हा दोष केवळ मुलांचा नव्हे. खुद्द इंग्रजीनेच या दोन शब्दांची अशी काही गुंतागुंत करून ठेवली आहे, की ती उलगडली म्हणजे मुलांवर रागावण्याचे कारण उरत नाही.

जुळी नव्हेत, शेजारी

हे दोन शब्द दिसावयास सख्ख्या भावांसारखे असले, तरी त्यांची कुळे भिन्न आहेत. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत उडण्यासाठी ‘फ्लेओगान’ आणि पळून जाण्यासाठी ‘फ्लेओन’ असे दोन धातू होते. मौज अशी की, त्यांची वर्तमानकाळी रूपे वेगळी असली, तरी भूतकाळी रूपे जवळजवळ एकच होती. ‘तो उडाला’ आणि ‘तो पळाला’ यांसाठी एकच शब्द! संदर्भावरून काय ते समजून घ्यावयाचे. पुढे मध्ययुगीन इंग्रजीत पळण्याच्या धातूने ‘फ्लेड’ हे स्वतंत्र भूतकाळी रूप धारण केले, तेव्हा कोठे दोघांची घरे वेगळी झाली.

उडण्याच्या शब्दाचे गोत्र मात्र आपल्याला ऐकून आनंद व्हावा असे आहे. याकोब ग्रिम हे जर्मन भाषाशास्त्रज्ञ परीकथांच्या संग्रहामुळे सर्वांस ठाऊक आहेत. त्यांनी १८२२ साली दाखवून दिले की, संस्कृत, लॅटिन, ग्रीक या भाषांत जेथे ‘प’ आढळतो, तेथे इंग्रजी-जर्मन कुळात नियमाने ‘फ’ येतो. आपला ‘पितृ’ तिकडे ‘फादर’ होतो, आपला ‘पाद’ तिकडे ‘फूट’ होतो. त्याच नियमाने आपला ‘प्लु’ धातू तिकडे जाऊन ‘फ्लो’ म्हणजे वाहणे, आणि ‘फ्लाय’ म्हणजे उडणे, या दोन शब्दांच्या रूपाने नांदतो, असे विद्वान मानतात. ‘प्लु’ म्हणजे तरंगणे, उसळणे, उडी घेणे. होडीला ‘प्लव’ म्हणतात, उड्या मारणाऱ्या वानराला ‘प्लवंग’ म्हणतात, आणि लांबवून उच्चारलेल्या स्वराला ‘प्लुत’ म्हणतात. पाण्यावर तरंगणे आणि हवेत तरंगणे यांत प्राचीनांनी भेद केला नसावा, हे त्या कल्पनेचे सौंदर्य आहे.

‘फ्ली’ या शब्दाचा आरंभ मात्र ‘फ’ने नव्हताच. चौथ्या शतकात बायबलचे भाषांतर ज्या गॉथिक भाषेत झाले, तीत पळून जाण्यासाठी ‘थ्लिउहान’ असा शब्द आहे. म्हणजे मूळचा आरंभ ‘थ्ल’ असा होता. पुढे इतर भगिनीभाषांत त्याचा ‘फ्ल’ झाला आणि तो आपसुक उडण्याच्या शब्दाशेजारी येऊन बसला. जर्मन भाषेने दोघांतील अंतर नीट राखले आहे : उड्डाणास ‘फ्लूग’ आणि पलायनास ‘फ्लुख्ट’. डच भाषेने मात्र एकाच शब्दात दोन्ही कोंबले. इंग्रजीनेही नामाच्या बाबतीत तेच केले. क्रियापदे दोन, पण नाम एकच : ‘फ्लाईट’. पक्ष्याची भरारी तीही फ्लाईट, आणि रणांगणातून काढलेला पळ तोही फ्लाईट. सारा घोटाळा येथून सुरू होतो.

नाटककार आणि पंतोजी

यात आणखी भर घातली ती कवी-नाटककारांनी. शेक्सपिअरच्या काळात ‘पळ’ अशी आज्ञा द्यावयाची तर ‘फ्लाय’ हाच शब्द सर्रास वापरला जाई. ‘मॅकबेथ’ नाटकात मारेकऱ्यांचे वार अंगावर पडत असताना बँक्वो आपल्या मुलाला, फ्लीअन्सला, पळून जावयास सांगतो, तेव्हा त्याच्या तोंडी पुन:पुन्हा ‘फ्लाय’ हाच शब्द आहे. पुढे तोच प्रसंग दुसरे पात्र सांगते तेव्हा मात्र तो मुलगा ‘फ्लेड’ असतो. वर्तमानकाळी एका घरचे रूप, भूतकाळी दुसऱ्या घरचे! आणि त्या मुलाच्या नावातच ‘फ्ली’चा ध्वनी ऐकू येतो, तो निराळाच.

ही जुनी चाल विसाव्या शतकातही काही लेखकांनी जपली. जे. आर. आर. टोल्किन हे ऑक्सफर्ड येथे वीस वर्षे, १९२५ ते १९४५, जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक होते. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अद्भुतरम्य कादंबरीत गॅन्डाल्फ हा वृद्ध जादूगार पाताळातील पुलावरून कोसळताना सोबत्यांना ‘फ्लाय’ असे बजावतो. अर्थ सरळ आहे : जीव वाचवा, पळा. पण २००१ साली त्या कथेवर चित्रपट निघाला आणि काही तरुण प्रेक्षकांनी तर्क लढवला की, जादूगार त्यांना गरुडांच्या पाठीवर बसून उडून जाण्याची युक्ती सुचवीत होता! जुन्या इंग्रजीचे अध्यापन ज्यांनी केले, त्यांच्या एका शब्दाचा अर्थ नव्या पिढीने विमानयुगातून लावला.

अशीच एक गमतीची गोष्ट ख्रिस्ती शाळांतून फार दिवस सांगितली जाते. बाळ येशूला घेऊन जोसेफ आणि मेरी इजिप्तमध्ये आश्रयास गेले, या प्रसंगास इंग्रजीत ‘फ्लाईट’ म्हणतात, आणि त्यावर युरोपातील नामवंत चित्रकारांनी चित्रे रंगविली आहेत. बाईंनी मुलांना हा प्रसंग काढावयास सांगितला. एका मुलाने छानदार विमान काढले. खिडक्यांतून तीन चेहरे दिसत होते, आणि पुढे चौथा. तो कोण, असे विचारताच उत्तर आले, ‘तो पाँशस, पायलट!’ येशूला सुळाची शिक्षा देणारा रोमन सुभेदार पाँशस पायलेट बिचारा वैमानिक झाला. विनोद खरा असो वा रचलेला, त्यातील मूल मात्र खरे आहे. १७ डिसेंबर १९०३ रोजी राईट बंधूंचे यंत्र बारा सेकंदांत १२० फूट अंतर उडाले, आणि त्यानंतर ‘फ्लाईट’ या शब्दातील उडण्याचा अर्थ इतका बळावला की, पळण्याचा अर्थ मागे पडला.

मागे पडला, पण नाहीसा झाला नाही. संकट समोर येताच अंगात बळ संचारते, छाती धडधडते, आणि प्राणी एकतर लढतो किंवा पळतो. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ सालच्या आपल्या ग्रंथात मांडलेल्या या विचारातील ‘फ्लाईट’ म्हणजे पळणे. देशातील पैसा परदेशी जाऊ लागला तर त्या ‘फ्लाईट’चा अर्थही पळणे. जामिनाच्या अर्जावर बोलताना सरकारी वकील आरोपीविषयी ‘फ्लाईट’चा धोका सांगतात, तो आरोपी फरारी होण्याचा धोका असतो. त्याचे भाषांतर कोणी ‘उड्डाणाचा धोका’ असे केले, तर न्यायालयात हशा पिकेल. आजकाल मोठी माणसे पळतातही विमानानेच, तेव्हा दोन्ही अर्थ जुळतात, हा भाग वेगळा!

मुलांना हा भेद शिकविताना आम्ही एक साधी कसोटी सांगतो. वाक्यास ‘कशाच्या भीतीने?’ किंवा ‘कशापासून?’ असा प्रश्न विचारावा. उत्तर मिळत असेल तर ‘फ्ली’ आणि भूतकाळी ‘फ्लेड’. प्रश्नच गैरलागू ठरत असेल आणि हवेतून जाण्याचीच गोष्ट असेल, तर ‘फ्लाय’, ‘फ्ल्यू’, ‘फ्लोन’. आणि पाण्याची गोष्ट असेल तर तिसरा भाऊ ‘फ्लो’. त्याचा भूतकाळ ‘फ्लोड’. नर्मदा ‘फ्लोड’ होते, ‘फ्लोन’ होत नाही. एवढे तीन खण मनात पाडून घेतले की सहसा चूक होत नाही.

आपल्या घरातील गुंता

इंग्रजीला हसणे सोपे आहे. परंतु आपल्या मराठीत डोकावून पाहिले तर काय दिसते? आपल्याकडे ‘उडणे’ आणि ‘पळणे’ हे शब्द ध्वनीने दूर आहेत, म्हणून घोटाळा होत नाही, एवढेच. अर्थांचा पसारा मात्र थोडा नाही. पक्षी उडतो, त्याचबरोबर रंग उडतो, झोप उडते, धांदल उडते, लग्नाचा बार उडतो. ‘पळणे’ची तऱ्हा आणखी सूक्ष्म. ‘मुलगा पळाला’ म्हटले तर तो शर्यतीत धावला की घर सोडून गेला, हे कळत नाही. ‘पळत गेला’ आणि ‘पळून गेला’ यांत फक्त एका प्रत्ययाचा फरक आहे. पण पहिला ऐकून आई निर्धास्त असते, आणि दुसरा ऐकून तिच्या तोंडचे पाणी पळते.

पळून जाण्याच्या छटा दाखविण्यात तर मराठीचा हात धरणारी भाषा विरळा. भिऊन गेला तो पळ काढतो, चलाखीने गेला तो पोबारा करतो, घाईने गेला तो धूम ठोकतो, अंगावर शेकणार हे ओळखून गेला तो काढता पाय घेतो, आणि दुर्दैवाने देशोधडीस लागला तो परागंदा होतो. यांतील ‘परागंदा’ हा शब्द फारसी, त्याचा मूळ अर्थ ‘विखुरलेला’. ‘फरारी’च्या मुळाशी अरबी शब्द आहे. ‘पलायन’ शुद्ध संस्कृत. ‘परा’ म्हणजे दूर आणि ‘अय्’ म्हणजे जाणे, यांच्या संयोगात ‘र’चा ‘ल’ होतो, याची नोंद पाणिनीने करून ठेवली आहे. म्हणजे मूळ अर्थ केवळ ‘दूर जाणे’. त्यात भीतीचा रंग मागाहून भरला गेला.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत या गुंत्याला आणखी एक पीळ बसतो. आमच्या इंदुराकडची मुले सहज म्हणून जातात, ‘चोर भागला.’ हिंदीतील ‘भागना’ त्यांच्या जिभेवर असतो. पण मराठीत ‘भागणे’ म्हणजे दमणे, किंवा गरज पुरी होणे. तहान भागते, काम करणारा दमतो-भागतो. तेव्हा पुण्याकडचा पाहुणा ‘चोर भागला’ हे वाक्य ऐकून चोराला पाणी विचारील! ‘पोबारा’चेही तसेच. सोंगट्यांच्या खेळातील एकच दान. पण ते पडले म्हणजे हिंदीत माणसाचे नशीब उघडते, आणि मराठीत तो नाहीसा होतो. शब्द एकच, पण दोन घरी दोन संसार.

शब्द आणि न्याय

येथवर वाचून एखादा वाचक म्हणेल, ‘गुरुजी, हे सारे मनोरंजक खरे, पण शब्दाने शब्द चुकला तर बिघडले कोठे?’ बिघडते, असे आमचे नम्र मत आहे. कारण माणसाच्या जाण्याला आपण कोणता शब्द देतो, यावर त्या माणसाविषयीचा आपला निवाडा ठरतो.

इतिहासातील उदाहरणे घ्यावीत. १६६६ सालच्या ऑगस्टमध्ये शिवाजी महाराज औरंगजेबाच्या पहाऱ्यातून आग्र्याहून निघाले. कोणी इंग्रजीत याला ‘फ्लाईट’ म्हटले, तर व्याकरणदृष्ट्या ते चूक ठरणार नाही. पण मराठी माणूस त्यास कधीही ‘पलायन’ म्हणत नाही. तो म्हणतो, ‘आग्र्याहून सुटका’. उलट, २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ हडपसरच्या लढाईत विजय मिळविला, दुसरे बाजीराव पुणे सोडून गेले, आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला वसईस इंग्रजांशी तह करून बसले. त्यांच्या कपाळी लोकांनी ‘पळपुटा’ हा शब्द कायमचा कोरला. दोघेही शत्रूपुढून निघून गेले. एक राज्य वाचविण्यासाठी गेला आणि दुसऱ्याने जाताना राज्याची किल्लीच परक्याच्या हाती दिली. हा भेद लोकांनी एका शब्दात सांगून टाकला. गुजरातेतील आमच्या बडोदेकर वाचकांना तिसरे उदाहरण सांगावयास नको. जरासंध आणि कालयवन यांच्यापुढून मथुरा सोडून जाणाऱ्या श्रीकृष्णाला ‘रणछोड’ म्हटले गेले. शब्द निंदेचा, पण प्रजेचा जीव वाचविण्यासाठी रण सोडणाऱ्या त्या देवाचे तेच नाव डाकोरला भक्तिभावाने घेतले जाते.

धर्मेतिहासातही असेच घडले आहे. इसवी सन ६२२ मध्ये पैगंबर मुहंमद मक्केहून मदिनेस गेले, त्या ‘हिजरत’चे भाषांतर इंग्रज लेखकांनी पुष्कळ दिवस ‘फ्लाईट’ असे केले. आता बरेच अभ्यासक ‘स्थलांतर’ या अर्थाचा शब्द अधिक योग्य मानतात, कारण मूळ अरबी शब्दात नाती तोडून अन्यत्र जाऊन वसण्याचा भाव आहे, भेकडपणाचा नाही.

घर सोडावे लागलेल्या माणसाला तीन भाषा काय म्हणतात, तेही पाहण्यासारखे आहे. इंग्रजीतील ‘रेफ्यूजी’ हा शब्द फ्रान्समधून आला. १६८५ साली तेथील प्रोटेस्टंटांना मिळालेले संरक्षण राजाज्ञेने काढून घेतले गेले आणि ते मोठ्या संख्येने इंग्लंडच्या आश्रयास आले, तेव्हा तो तिकडे रुळला. त्याच्या मुळाशी पळून जाणे या अर्थाचा लॅटिन धातू आहे. हिंदी त्याला ‘शरणार्थी’ म्हणते, म्हणजे आसरा मागणारा. मराठी म्हणते ‘निर्वासित’, म्हणजे ज्याला घराबाहेर काढले गेले तो. इंग्रजीचे लक्ष त्याच्या पायांकडे, हिंदीचे त्याच्या पसरलेल्या हातांकडे, आणि मराठीचे त्याच्यावर झालेल्या अन्यायाकडे. १९४७ साली लक्षावधी माणसे सीमा ओलांडून आली, तेव्हा हे तिन्ही शब्द एकाच माणसासाठी वापरले गेले.

आणि अगदी अलीकडची गोष्ट. मार्च २०२० मध्ये साथीमुळे देशभर टाळेबंदी झाली. मुंबई-पुण्याकडील कामे बंद पडली आणि मजुरांचे तांडे आग्रा-मुंबई रस्त्याने, डोक्यावर बोचके आणि कडेवर मूल घेऊन, सेंधव्याच्या घाटातून आमच्या माळव्याकडे चालत आले. हिंदी वृत्तपत्रांनी लिहिले, ‘मज़दूरों का पलायन’. हिंदीच्या दृष्टीने त्यात वावगे काही नव्हते, कारण तेथे ‘पलायन’ म्हणजे पोटासाठी किंवा अडचणीपायी गाव सोडून जाणे, असा अर्थ रूढ झाला आहे. पण आपली मुले तोच शब्द उचलून मराठी निबंधात ‘मजुरांचे पलायन’ असे लिहितात, तेव्हा त्या वाक्याचा अर्थ पालटतो. मराठीत पलायन करतो तो जबाबदारी टाकून पळणारा. ही माणसे पळत नव्हती. ती घरी परतत होती. तेथे ‘स्थलांतर’ किंवा ‘घरवापसीची पायपीट’ असेच लिहावयास हवे. अशा वेळी निबंधाच्या वहीत आम्ही लाल शाईने केवळ शब्द दुरुस्त करीत नाही. मुलाशी त्या माणसांविषयी चार वाक्ये बोलतो. भाषेच्या तासाला याहून मोठे काम नाही.

पुढे ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलच्या विमानतळावर धावत्या अमेरिकन विमानाबरोबर जिवाच्या आकांताने धावणारी, त्याला बिलगू पाहणारी माणसे जगाने पाहिली. उडणे आणि पळणे, ‘फ्लाय’ आणि ‘फ्ली’, हे दोन्ही शब्द तेथे एकाच धावपट्टीवर उभे होते. विमान उडाले. माणसांना मात्र पंख नव्हते.

घरटी आणि पाखरे

शेवटी आपल्या घरची गोष्ट. आपले पूर्वज कधी फौजेबरोबर, कधी संस्थानच्या चाकरीसाठी, कधी देवळाच्या पूजेअर्चेसाठी कृष्णा-गोदेच्या काठांवरून दूर आले आणि तेथलेच झाले. आता आपली मुले पुण्याला, बंगळुरास, अमेरिकेस जातात. संध्याकाळी ओट्यावर बसलेली वडीलधारी मंडळी कधी म्हणतात, ‘पाखरे उडाली’. आणि मन कडवट झाले म्हणजे म्हणतात, ‘सगळी पळाली.’ या दोन वाक्यांत केवढे अंतर आहे! पहिल्यात विरह आहे, पण पंखांचा अभिमानही आहे. दुसऱ्यात आरोप आहे. फोनवर बोलताना आजोबांच्या तोंडून यांपैकी कोणता शब्द येतो, हे सातासमुद्रापलीकडे असलेला नातू अचूक टिपतो, आणि पुढच्या दिवाळीस घरी यावयाचे की नाही, हे पुष्कळदा त्यावर ठरते.

म्हणून पालकांस आमची एवढीच विनंती. मुलांना इंग्रजीतील ‘फ्लाय’ आणि ‘फ्ली’ यांतील भेद अवश्य शिकवावा. परीक्षेतील गुणांसाठी तो उपयोगी आहेच. पण त्याच तासाला ‘पळ काढणे’, ‘परागंदा होणे’, ‘स्थलांतर’ आणि ‘भरारी’ हे मराठी शब्दही त्यांच्यासमोर मांडावेत. जेवणाच्या पंगतीत, प्रवासात, वर्तमानपत्र वाचताना एखादी बातमी घ्यावी आणि मुलांना विचारावे, ‘हा माणूस उडाला, पळाला, की त्याला घालवून दिले?’ मुले विचार करू लागतील. कधी कधी ती आपल्याहून नेमका शब्द सांगतील. तेव्हा तो मोकळ्या मनाने स्वीकारावा आणि त्यांची पाठ थोपटावी.